बातमीतली बंदूक, घरातली बंदूक



ज्या संपादकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली तयार झालेले काही जण आज समोर बसले आहेत. बातमीत आकडा आला, की तो कुणी मोजला आणि कशासाठी मोजला हे विचारल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून मजकूर पुढे सरकत नसे. आज बोलायला मी मुद्दामच असा विषय घेतला आहे, की ज्यात आकड्यांचा पाऊस आहे, संताप त्याहून जास्त आहे, आणि हा प्रश्न विचारणारे मात्र थोडे आहेत. अमेरिकेतल्या घराघरांतली बंदूक आणि तिच्याविषयीच्या बातम्या, हा तो विषय.

१४ डिसेंबर २०१२. कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाउन गावी सँडी हूक प्राथमिक शाळेत एका वीस वर्षांच्या तरुणाने वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली. मुले पहिलीतली, सहा-सात वर्षांची. शाळेकडे निघण्यापूर्वी त्याने घरी आपल्या आईला मारले होते. बंदुका तिच्याच होत्या, कायद्याने रीतसर विकत घेतलेल्या.

त्यानंतर नाताळच्या तोंडावर शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातल्या ‘जर्नल न्यूज’ या दैनिकाने एक नकाशा आपल्या संकेतस्थळावर टाकला. वेस्टचेस्टर आणि रॉकलंड या दोन काउंट्यांमधल्या पिस्तूल-परवानाधारकांची नावे आणि पत्ते त्याने माहितीच्या कायद्याखाली मिळवले होते. नकाशावर ठिपकेच ठिपके. ठिपक्यावर टिचकी मारली, की माणसाचे नाव आणि त्याचे घर. यादी सरकारदरबारी खुली होती, तेव्हा कायद्याचा भंग झाला नव्हता. पण त्या ठिपक्यांत निवृत्त पोलीस होते, तुरुंगांतले पहारेकरी होते, आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बायकांचा पत्ताही यामुळे उघड होईल अशी भीती होती. तुरुंगातले कैदी पहारेकऱ्यांना त्यांचे पत्ते ऐकवू लागल्याची तक्रार रॉकलंडच्या शेरीफने जाहीरपणे केली. चिडलेल्या लोकांनी उलट त्या दैनिकातल्या पत्रकारांचे पत्ते शोधून प्रसिद्ध केले. धमक्या आल्या, आणि दैनिकाने आपल्या कचेरीवर बंदूकधारी पहारेकरी नेमले. दैनिकाने तिसऱ्या, पुटनम काउंटीकडेही यादी मागितली होती. तिने यादी द्यायलाच नकार दिला. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने नवा बंदूक कायदा केला. त्यात परवानाधारकाला आपले नाव गुप्त ठेवण्याची मागणी करता येईल अशी तरतूद आली, आणि त्याच आठवड्यात दैनिकाने तो नकाशा काढून घेतला.

या प्रकरणाची चर्चा झाली ती खासगीपणा विरुद्ध माहितीचा हक्क अशी. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. न्यूटाउनच्या शाळेत वापरली गेली ती रायफल होती. न्यूयॉर्क शहर सोडले तर त्या राज्यात तेव्हा साध्या रायफलीला परवानाच लागत नव्हता. म्हणजे ज्या प्रकारच्या शस्त्राने ही भीती निर्माण झाली, ते शस्त्र त्या नकाशावर असण्याची शक्यताच नव्हती. परवाना असला म्हणजे घरात पिस्तूल असतेच असेही नाही. आणि न्यूटाउनच्या घटनेने विचारायला लावलेला खरा प्रश्न होता, घरातल्या बंदुका कुणाच्या हाती लागू शकतात, त्या कुलपात असतात का. तो प्रश्न हजारो ठिपक्यांपैकी एकाही ठिपक्याला विचारलेला नव्हता. शेजारी कोण राहतो ते कळले. शेजाऱ्याच्या घरात बंदूक कशी ठेवली जाते हे कळले नाही.

अशा बातम्यांना लोक पक्षपाती म्हणतात. पक्षपात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कुणाला तरी विकला गेलेला संपादक येतो. बंदुकीच्या बातम्यांत तसा पक्षपात मला फारसा दिसत नाही. इथे प्रश्न वार्ताहर कुठे उभा आहे याचा आहे. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ३२ टक्के प्रौढांनी आपल्या मालकीची बंदूक असल्याचे सांगितले. ग्रामीण भागात हे प्रमाण ४७ टक्के होते, शहरांत २०. मोठ्या वृत्तसंस्था, वाहिन्यांची मुख्यालये, राष्ट्रीय दैनिके सगळी शहरांत. २००५ नंतरच्या दोन दशकांत अमेरिकेतली सुमारे एक तृतीयांश वृत्तपत्रे बंद पडली आणि त्यांत बहुसंख्य गावोगावची साप्ताहिके होती. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायचा, आणि कित्येक शाळांना त्या दिवशी चक्क सुट्टी असायची. हे ज्या पत्रकाराला लहानपणापासून माहीत होते, तो गावातला पत्रकार बेकार झाला. आता शहरातून जो येतो तो प्रेते पडल्यावर येतो आणि पाच-सहा दिवसांत परततो. त्याने पाहिलेली प्रत्येक बंदूक ही खुनाची बंदूक असते. त्याच्या लेखनात बंदूक बाळगणारा माणूस एक तर माथेफिरू असतो, नाही तर राजकीय मोर्चातला छायाचित्राजोगा इसम. कोट्यवधी माणसांचा नित्याचा व्यवहार त्यात नसतो. वेक फॉरेस्ट विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डेव्हिड यामाने यांनी हा नित्याचा व्यवहारच आपल्या अभ्यासाचा विषय केला आहे. त्यांचे सगळे निष्कर्ष मला पटतात असे नाही, पण त्यांचे काम वाचल्याशिवाय या विषयावर लिहू नये असे वाटते.

माध्यमे आम्हाला ओळखतच नाहीत, ही बंदूकवाल्यांची तक्रार इथपर्यंत रास्त आहे. आता त्या तक्रारीच्या पलीकडे जाऊ.

२०२१ या एका वर्षात अमेरिकेत ४८,८३० माणसे बंदुकीने मेली. शाळा, मॉल, चर्च अशा ठिकाणी अनेकांना एकदम मारण्याच्या घटना, ज्यांची बातमी आपल्या पुण्या-मुंबईपर्यंत पोचते, त्यांत मेलेल्यांचा या आकड्यातला वाटा, व्याख्या कितीही सैल धरली तरी, दोन-तीन टक्क्यांच्या वर जात नाही. मग उरलेले कोण? २०,९५८ खून. आणि २६,३२८ आत्महत्या. अर्ध्याहून जास्त मृत्यू हे स्वतःच्या हाताने झालेले आहेत, आणि बंदूक या विषयावरच्या बातम्यांत ते जवळजवळ नाहीतच.

याचे एक कारण चांगले आहे. आत्महत्येची बातमी जपून द्यावी, पद्धतीचे वर्णन करू नये, हे संकेत जगभरच्या पत्रकारितेने समजून-उमजून स्वीकारले आणि ते योग्यच आहेत. पण एकेका मृत्यूची बातमी न देणे वेगळे आणि सव्वीस हजार मृत्यूंचा प्रश्न न मांडणे वेगळे. वायोमिंग, मोंटाना यांसारख्या विरळ वस्तीच्या, जिथे बहुसंख्य घरांत बंदूक आहे अशा राज्यांत आत्महत्येचे प्रमाण देशात सर्वांत जास्त असते. बंदुकीने केलेल्या प्रयत्नांत दहातले जवळपास नऊ जण दगावतात; गोळ्या-औषधांच्या बाबतीत बहुतेक जण वाचतात. आणि एकदा वाचलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणजे त्या एका वाईट रात्री बंदूक हाताशी नसणे, यावर हजारो आयुष्ये अवलंबून आहेत. ही बातमी बंदूक-विरोधकांच्या सोयीची नाही, कारण तिच्यात कुणी खलनायक नाही. बंदूक-समर्थकांच्याही सोयीची नाही, कारण तिच्यात धोका बाहेरून येत नाही, तो घरातच असतो. दोन्हीकडची गैरसोय झाली की मजकूर पडून राहतो.

शस्त्राच्या प्रकाराबाबत हेच होते. वर्षानुवर्षे मथळे, मालिका, चर्चा सगळ्या एका काळ्या रायफलीभोवती फिरतात. एफबीआयच्या २०१९ च्या तपशिलात १३,९२७ खून आहेत. त्यांत पिस्तुलाने झालेले ६,३६८. सर्व प्रकारच्या रायफली मिळून ३६४. चाकूसुरीने झालेले १,४७६. बंदुकीचा प्रकार नोंदलाच नाही असे ३,२८१ खून त्यात आहेत, तेव्हा रायफलीचा खरा आकडा थोडा मोठा असणार. पण प्रमाण उलटेपालटे होईल इतका नाही. पिस्तुलाने मरणारे बहुतेक एकेकटे मरतात, गरीब वस्तीत, रात्री, आणि त्यांत काळ्या तरुणांचे प्रमाण फार मोठे आहे. २०१६ मध्ये शिकागोत सातशेहून अधिक खून झाले. त्या वर्षीच्या बातम्या तपासणाऱ्या समाजशास्त्रज्ञांना आढळले, की काळ्यांच्या वस्त्यांत मारल्या गेलेल्यांवर कमी मजकूर आला आणि त्यांच्याविषयी माणूस म्हणून लिहिलेले तर त्याहून कमी. मला विचाराल, तर बंदुकीच्या बातम्यांतला सर्वांत क्रूर पक्षपात हा आहे. आणि याविषयी बंदूकवाल्यांच्या संघटनाही कधी आरडाओरडा करत नाहीत.

मोजणीविषयी थोडे. २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मारले गेले, तेव्हा चोवीस तासांत जगभर एक आकडा फिरला: त्या वर्षातला हा अठरावा शालेय गोळीबार, आणि वर्षाचे दीडच महिने झालेले. आकडा ‘एव्हरीटाउन’ या बंदूक-नियंत्रणवादी संघटनेचा होता. त्यात कुणी जखमीही न झालेले प्रकार होते, बंद पडलेल्या शाळेच्या आवारात एका प्रौढाने केलेली आत्महत्याही होती. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने दुसऱ्याच दिवशी तो आकडा खोडून काढला. त्याच वर्षी एनपीआर या सार्वजनिक रेडिओने आणखी मोठे काम केले. केंद्रीय शिक्षण खात्याच्या अहवालात २०१५-१६ या वर्षी जवळपास २४० शाळांत गोळीबाराची घटना घडल्याचे म्हटले होते. रेडिओच्या वार्ताहरांनी त्या शाळांशी एकेक करून संपर्क साधला. ठामपणे खऱ्या ठरल्या फक्त ११ घटना. बाकीच्यांत फॉर्म भरताना झालेल्या चुकाही होत्या.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्यांना बंदूकवाले ‘शत्रुपक्षाची माध्यमे’ म्हणतात, त्यांच्यातल्याच दोन संस्थांनी ही दुरुस्ती केली. आणि त्याच ‘पोस्ट’ने सरकारकडे धड नोंद नाही म्हणून स्वतःची नोंदवही उघडली. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर शाळेच्या वेळात गोळीबाराच्या प्रसंगातून गेलेल्या विद्यार्थ्यांची त्यांची संख्या साडेतीन लाखांच्या पुढे गेली आहे. अठराचा फुगवलेला आकडा गेला, आणि त्याच्या जागी नीट मोजलेला, कितीतरी जास्त अस्वस्थ करणारा आकडा आला.

दुसऱ्या बाजूची माध्यमे काय करतात? दरवर्षी पंचवीस लाख अमेरिकन बंदुकीच्या बळावर स्वतःचा बचाव करतात, हे वाक्य त्यांच्या कार्यक्रमांत वारंवार येते. तो आकडा क्लेक आणि गर्ट्झ या दोन संशोधकांच्या १९९५ च्या, पाचेक हजार लोकांना फोन करून केलेल्या पाहणीतून गुणाकाराने काढलेला आहे. सरकारची गुन्हेपीडितांची नियमित पाहणी हाच आकडा लाखाच्या आतबाहेर दाखवते. एवढी दरी असलेला आकडा तीस वर्षे जुन्या शिक्क्यानिशी छापणे ही पत्रकारिता नव्हे. मोठी माध्यमे बचावाच्या खऱ्या घटनांना जागा देत नाहीत, हे खरेच आहे. २०२२ मध्ये इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये बावीस वर्षांच्या एका ग्राहकाने हल्लेखोराला काही सेकंदांत टिपले, तेव्हा बातमी झाली. एरवी अशा घटनांची दखल गावापुरतीच राहते. पण परवानाधारकाच्या हक्काचा एवढा कैवार घेणारे २०१६ मध्ये कुठे होते? मिनेसोटात फिलांडो कास्टील या काळ्या तरुणाला पोलिसाने गाडी थांबवायला लावली. कास्टीलकडे रीतसर परवाना होता. आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्याने स्वतःहून, शांतपणे सांगितले, आणि पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या संघटनेने सुरुवातीला काढलेल्या पत्रकात त्याचे नावसुद्धा नव्हते.

माध्यमे खोटे बोलतात हा समज एकदा मुरला, की तो कुठवर जातो याचा दाखला सँडी हूकनेच दिला. ती हत्याकांडाची घटना घडलीच नाही, ते बंदुका काढून घेण्यासाठी रचलेले नाटक होते, मेलेल्या मुलांचे आईबाप हे नट आहेत, असे ॲलेक्स जोन्स हा कटकथा पसरवणारा निवेदक वर्षानुवर्षे आपल्या कार्यक्रमात सांगत राहिला. पोरे गमावलेल्या त्या आईबापांना फोनवरून शिव्या आणि धमक्या आल्या, काहींना घरे बदलावी लागली. २०२२ मध्ये न्यायालयांनी जोन्सवर एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाई लादली. पैसा वसूल किती झाला हा वेगळा भाग. पण मोठ्या वृत्तपत्रांवरचा विश्वास पूर्ण उडालेले लोक ऐकणारे म्हणून मिळाले नसते, तर त्याचा धंदा चालला नसता. म्हणून छोट्या चुका छोट्या नसतात, असे मी मानतो.

आता या सगळ्यातला जो भाग मला सर्वांत विचार करायला लावतो, तो सांगतो. १९९३ ते २०१० या काळात अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या खुनांचे दर माणशी प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. २०१३ मध्ये प्यूने लोकांना विचारले, वीस वर्षांपूर्वीपेक्षा बंदुकीचे गुन्हे वाढले की घटले? ५६ टक्के म्हणाले, वाढले. घटले हे बरोबर उत्तर देणारे होते १२ टक्के. बहुसंख्य लोक गुन्हा पाहतात तो बातमीतच. आणि याच काळात बंदूक कशासाठी याचे उत्तरही पालटले. १९९९ मध्ये मुख्य कारण शिकार असे सांगणारे बंदूकधारी ४९ टक्के होते, संरक्षण म्हणणारे २६. २०१३ मध्ये संरक्षण ४८, शिकार ३२. गुन्हे कमी होत गेले, भीती वाढत गेली, आणि भीतीपोटी पिस्तुले घरात आली. याचे सगळे खापर बातम्यांवर फोडता येणार नाही. बंदूक-उद्योगाच्या जाहिराती आहेत, राजकारण आहे. पण रात्रंदिवस गोळीबार दाखवणाऱ्या वाहिन्यांचा यात हात नाही असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सँडी हूकनंतर काय झाले पाहा. बंदीची चर्चा दिवसरात्र चालली. बंदी येण्याआधी घेऊन ठेवू म्हणून लोक दुकानांत धावले. त्या डिसेंबरात खरेदीपूर्व तपासणीचे सुमारे २७.८ लाख अर्ज आले, तोवरचा विक्रम. केंद्रात कायदा काही झाला नाही. लेव्हिन आणि मॅकनाइट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पुढे २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले, की विक्रीच्या या उसळीनंतर, जिथे विक्री जास्त वाढली तिथे, अपघाताने गोळी सुटून होणारे मृत्यू वाढले. त्यांच्या हिशेबाने सुमारे साठ जास्तीचे मृत्यू, त्यांत वीसेक मुले. शाळेत वीस, आणि नंतर घराघरांत जवळपास तेवढीच. पहिल्या वीसांची नावे जगाने वाचली.

आपला याच्याशी संबंध काय, असे कुणी म्हणेल. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकमध्ये बत्तीस जण मारले गेले, त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती. मारेकऱ्याने स्वतःची छायाचित्रे आणि चित्रफिती एनबीसी या वाहिनीला टपालाने पाठवल्या होत्या. दोन दिवसांनी त्यांतला भाग दाखवला गेला, आणि त्याने जगाला जसे दिसायचे ठरवले होते तसाच तो जगभरच्या पानांवर आला, मराठी पानांवरसुद्धा. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, बे एरियात राहणारी आपली माणसे मुलांना शाळेत सोडतात तेव्हा इथल्या आजीच्या मनात जे अमेरिकेचे चित्र असते, ते अशा पानांनी घडवलेले असते. आणि बंदूक आता आपल्याकडेही बातमीत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला पोलीस ठाण्यात आमदाराने गोळ्या झाडल्या, आठवडाभरात दहिसरला फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना खून झाला. दोन्ही दृश्ये वाहिन्यांनी दिवसभर फिरवली. परवाना कुणाला, कोणत्या निकषावर, कुणाच्या शिफारशीने मिळतो, आणि दहिसरप्रमाणे अंगरक्षकाचे पिस्तूल दुसऱ्याच्या हाती कसे जाते, हे प्रश्न वार्तांकनाच्या केंद्रस्थानी यायला हवे होते.

शेवटी न्यू हॅम्पशायरची गोष्ट सांगतो, कारण ती अजून पुरेशी सांगितली गेलेली नाही. २००९ मध्ये तिथल्या एका बंदुकीच्या दुकानातून, आठवड्याभरात, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या तीन जणांनी बंदूक विकत घेतली आणि काही तासांत स्वतःला संपवले. दुकानाच्या मालकांना हे कळले तेव्हा ते हादरले. ते स्वतः बंदुकीच्या हक्काचे कट्टर समर्थक. त्यांनी वकिलाकडे धाव घेतली नाही. आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या सार्वजनिक आरोग्याच्या लोकांबरोबर ते बसले. या बैठकांतून दुकानदारांसाठी सूचना तयार झाल्या: बंदुकीची काहीच माहिती नसलेला, निगा राखण्याविषयी काहीच न विचारणारा, घटस्फोट किंवा नोकरी गेल्याचा उल्लेख करणारा गिऱ्हाईक आला तर विक्री थांबवा, बोला. नेमबाजीच्या शाळांतून शिकवल्या जाणाऱ्या सुरक्षेच्या दहा नियमांना अकरावा जोडला गेला: जवळच्या माणसाचे मन ठिकाणावर नसेल तर त्याच्या बंदुका काही काळ त्याच्या हातापासून दूर ठेवा. फलक छापले गेले, राज्यातल्या दुकानांना पाठवले गेले. नंतर कुणी पाहायला गेले तेव्हा जवळपास निम्म्या दुकानांत ते लावलेले आढळले. पुढे इतर कित्येक राज्यांनी हा उपक्रम उचलला.

निम्म्या दुकानांनी फलक लावले. निम्म्यांनी लावले नाहीत. लावणाऱ्यांना गिऱ्हाईक तुटेल असे का वाटले नाही, न लावणाऱ्यांना कशाची अडचण होती, आणि विक्री नाकारलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे त्या दुकानांत जाऊन विचारावे लागेल. कुठेही गोळी सुटलेली नसताना जावे लागेल, आणि गल्ल्यामागच्या माणसाने बोलावे इतका वेळ तिथे थांबावे लागेल.